दोष द्यायला कुणी हवं ना

परवा दूध उतू गेलं. शेगडीवर पसरलं, ओट्यावरून ओघळ थेट खाली लादीवर आला, आणि मी मागच्या दाराकडे तोंड करून सवयीने म्हटलं, "अहो, दुधाकडे बघा म्हटलं होतं ना तुम्हाला!" म्हटलं आणि फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागच्या दारात मांजर होती. ती माझ्याकडे बघत होती.

आमचे हे असते तर पेपर खाली ठेवून त्यांनी हात वर केला असता. म्हणाले असते, "माझंच लक्ष नव्हतं." दूध मी ठेवलेलं, विसरले मी, वाडीत पानवेल बघायला गेले तीही मीच. पण ते म्हणायचे माझंच. मग मला आणखी राग यायचा, की हा माणूस नीट भांडूसुद्धा देत नाही. आता घरात जे सांडतं, फुटतं, करपतं ते सगळं माझंच. वाटून घ्यायला कुणी नाही.

आमचं घर वसईजवळ वटारला, वाडीत. वाडी म्हणजे आमची बागायत. पुढे नारळ, मधे पानवेल आणि केळी, कडेकडेने फुलझाडं. दोन भाऊ आणि दोघांची दोन घरं, मधे फक्त जास्वंदीची रांग. थोरले आमचे हे, धाकटे माझे दीर. मी लग्न होऊन आले आणि माझ्यामागून जाऊ आली. म्हणायला ती मला वहिनी म्हणायची, पण बोलणं सगळं अगंतुगं. "वहिनी, तू मीठ किती टाकलंस गं, खाडी आटवलीस काय?" असं. मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ते पुड्यांच्या कागदांवरून आणि नंतर यांच्या पेपरावरून. ती मात्र सातवी पास, त्यामुळे माझ्या वाचनातल्या चुका काढायचा हक्क तिचा. मी मोठी म्हणून तिच्या भाताची चूक काढायचा हक्क माझा. अशी आमची वाटणी होती आणि ती दोघींना पटलेली होती.

यांच्या हात वर करण्याची गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

तरुणपणी दोघे भाऊ आमच्या आळीकडून क्रिकेट खेळायचे. भात कापून झालं की शेत मोकळं व्हायचं, ढेकळं फोडून, पाणी मारून मधला पट्टा चोपायचा आणि पलीकडच्या गावातली ख्रिस्ती पोरं रविवारी चर्चमधली मिसा संपली की थेट खेळायलाच यायची. हे बॉलिंग टाकायचे. दीर उभे राहायचे लांब, बांधाजवळ. आता दीर माणूस सोन्यासारखा, पण झेल हातात आला की त्यांचे डोळे मिटायचे. डोळे मिटून कोण झेल घेणार? बॉल हातातून निसटून मागच्या गटारात. मग सगळी टीम त्यांच्या अंगावर.

"हाताला लोणी लावून आलास काय रे?"

"उद्यापासून ह्याला बायकांत बसवा, सरबत ढवळायला!"

बायकांत म्हणजे आमच्यात. आम्ही दोघी चिंचेखाली कोकम सरबताची घागर घेऊन बसलेल्या असायचो. जाऊ लाल व्हायची. तिच्या नवऱ्याला बोललेलं तिला सोसायचं नाही. आणि तेवढ्यात आमचे हे मधूनच हात वर करायचे, पंचासारखा उंच, आणि ओरडून सांगायचे, "माझा बॉल वाईट पडला! चूक माझी!"

बॉल कुठला वाईट? चांगला पडला म्हणून तर झेल उडाला. हे सगळ्यांना दिसायचं. पण बॉल टाकणाराच कबूल करतोय म्हटल्यावर पुढे भांडायचं कुणाशी? सगळे हसायचे, आपापल्या जागी जायचे, पुढचा बॉल पडायचा. मी एकदा घरी आल्यावर चिडले. म्हटलं, तुम्ही का ओढवून घेता दर वेळी? लोक तुम्हालाच नावं ठेवतील. तर म्हणाले, "अगं, संध्याकाळ होत आलेली असते. उजेड आहे तोवर खेळून घ्यायला नको?"

त्याच संध्याकाळी जाऊ मला म्हणाली होती, "वहिनी, तुझा नवरा काही धर्मात्मा नाही हं. त्याला हरायचं नसतं, एवढंच." आणि जाताना वाटीभर वालाची भाजी ठेवून गेली होती. तिचे आभार तसेच असायचे, टोमण्याच्या खाली झाकलेले.

आता बावखलाचं सांगते.

आमच्या भागात जुन्या प्रत्येक वाडीत एक बावखल. तळं म्हणा, पण तळ्याहून लहान. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि वर्षभर वाडीला पुरायचं. दोन्ही घरांचं मिळून एक होतं. त्याच्या काठावर आम्ही भांडी घासली, पोरं पोहायला शिकवली. मग बोअर आली, बटण दाबलं की पाणी. बावखलाकडे बघायचं कारणच उरलं नाही. झावळ्या पडल्या, ढकल तिकडे. माझ्या मोरीची जुनी लादी उखडली, टाक तिकडे. जावेच्या घराला मागे खोली काढली, त्याचं डबर तिकडे. ते आपोआप अर्धं झालं. तोवर पोरं मोठी होऊन फ्लॅटात गेलेली. माझा विरारला, तिचा वसई पूर्वेला, एव्हरशाईनला. दोघांकडे गाड्या. सणाला आले की गाडी लावायला जागा नाही. मग एकदा गणपतीच्या आधी मातीची भरणी आली आणि राहिलेलं बावखल सपाट झालं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लागल्या. आम्ही दोघींनी त्या जागेवर उभं राहून गाड्यांना हळदकुंकू लावलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. यांना जाऊन वर्ष झालं होतं. दीर पुढच्या उन्हाळ्यात गेले.

आणि मग मागच्या पावसाळ्यात पाणी घरात शिरलं. वसईत पाणी भरतं हे आता नवीन नाही, पण ते स्टेशनकडे, पूर्वेकडे, आम्ही टीव्हीवर बघायचो. आमच्या उंबऱ्याच्या आत पाणी मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. चुलीपर्यंत आलं. देव माळ्यावर नेऊन ठेवले.

पाणी उतरल्यावर पुढारी आले. पहिल्या दिवशी एक, पँट दुमडलेली, मागे फोटोवाला. आमच्या ओसरीवर उभा राहून पूर्वेकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, हे सगळं त्यांचं पाप. त्यांनी नाले बुजवले." दुसऱ्या दिवशी दुसरा आला, त्याच ओसरीवर, त्याच लादीवर उभा, त्याचं बोट पश्चिमेकडे. "मावशी, इतकी वर्षं सत्ता कुणाकडे होती? विचारा त्यांना." जाऊ माझ्या शेजारी कमरेला पदर खोचून उभी होती. ती म्हणाली, "दादा, तेवढं बोट खाली करा आणि ह्या गादीचा कोपरा धरा. भिजून दगड झालीय, दोघींना उचलत नाही."

आणि त्याने खरंच धरला हो! कोपरा धरून गादी बाहेर कठड्यावर टाकली, पांढऱ्या सदऱ्यावर चिखलाचा पट्टा. फोटोवाल्याने तो फोटो काढला, आणि दोन दिवसांनी तो फोटो गावभर मोबाईलवर फिरला. खाली लिहिलेलं, जनतेच्या सेवेत. आम्ही दोघी चिखलात बसून हसलो. एवढं नुकसान झालेलं, पण हसलो. ते आमचं शेवटचं बरोबर हसणं.

रविवारी दोन्ही घरचे मुलगे आले. एक एका पक्षाचा, दुसरा दुसऱ्याचा. मोबाईलवर ते आधीच एकमेकांना लागट लिहीत होतेच, आता समोरासमोर आले. हातात झाडू एकाच्याही नाही. बावखलाच्या जागेवर उभे राहून वाद सुरू. पाणी साठायला जागाच ठेवली नाही म्हणून घरात आलं, हे दोघांना पटलं. जागा कुणी घालवली, यावर अडलं. अंधार पडायच्या आत दोघे आपापल्या गाडीत बसून गेले, आणि आपलं बोलणं इथं ठेवून गेले. ते आम्ही दोघींनी उचललं.

सोमवारी सकाळी मी पायरी खरवडत होते. जाऊ जास्वंदीच्या पलीकडे गोणपाट पिळत होती. मी म्हटलं, खरं तर सहजच म्हटलं, "भरणीची गाडी तुमच्या फाटकातून आली होती ना गं?"

तिने गोणपाट खाली ठेवलं.

"आणि गाडी लावायला जागा कुणाच्या लेकाला हवी होती?"

"डबर कुणाचं होतं आधी?"

"लादी कुणाची होती त्याच्या आधी?"

"तुझा नवरा बोअरच्या आधीपासून म्हणत होता की बुजवूया म्हणून."

गेलेल्या माणसाचं नाव काढलं मी. तिने गोणपाट पुन्हा उचललं, दोरीवर टाकलं. मग म्हणाली, "तुमचा नवरा असता तर त्यांनी हात तरी वर केला असता. तुम्हाला तेवढंही येत नाही." आणि आत गेली. 'तुम्ही' म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी वाट बघितली. तिला वाटलं असणार मी येईन, मला वाटलं ती येईल. ओल काही भिंतीतून गेली नाही, तिला खोकला झाला, आणि एक दिवस तिचा मुलगा येऊन तिला एव्हरशाईनला घेऊन गेला. घराला कुलूप. मी ओसरीवरच होते. तिने गाडीत बसताना इकडे बघितलं नाही, का बघितलं आणि मला दिसलं नाही, देव जाणे. काचा काळ्या होत्या.

त्यानंतर या वाडीत संध्याकाळ फार लवकर होते. पूर्वी पलीकडे फोडणीचा वास आला की मी ओरडायचे, करपलं गं! आता पलीकडून वासच नाही. तिच्या अंगणातला पाला मी झाडते, पण झाडून झाल्यावर "माझ्या अंगणात तुझा पाय कशाला" असं म्हणायला कुणी येत नाही. माणसं म्हणतात एकटीला शांत असेल. शांत आहेच.

पाऊस संपून ऊन कडक झालं की आमच्याकडे सुकेळी करायचे दिवस. राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची, अंगावर मधाचा रंग येईपर्यंत, आणि मग केळीच्याच सुक्या पानात बांधायची. आमच्या दोघींचं हे काम कायम एकत्र. ऊन माझ्या अंगणात, म्हणून मांडव माझ्याकडे. पण केळं सोलण्याइतकं पिकलंय की नाही हे ठरवायचा मान तिचा. अंगठ्याने जरा दाबायची आणि सांगायची, आज नाही, उद्या. तिचा अंगठा कधी चुकला नाही. मी बांधायची.

या वर्षी केळ्यांचा लोंगर उतरवला मीच. पिकवला मीच. मग अंगठ्याने दाबून बसले बराच वेळ. मला काही कळेना. म्हणजे कळत होतं, इतकी वर्षं बघितलंय, पिकलंच होतं. पण हे "हो" म्हणायचं कुणी, मी? मग मी चांगल्या दोन फण्या पिशवीत घातल्या आणि रविवारी निघाले. वटारहून बसने स्टेशन, पूल चढून पूर्वेला, तिथून रिक्षा. फण्या मांडीवर, तान्ह्या बाळासारख्या. वाटेत मनाशी घोकत होते: जायचं, बसायचं आणि म्हणायचं, चूक आमची. दोनच शब्द. यांनी एवढ्या माणसांत ओरडून सांगितले, मला चार भिंतींत सांगता येत नाहीत?

दार सुनेने उघडलं. "अय्या, मोठ्या आई! या ना." आत जावेचा मुलगा टीव्हीवर मॅच बघत होता. जाऊ सोफ्याच्या कडेला बसलेली, गाऊन घालून. तिला मी गाऊनमध्ये कधी पाहिलं नव्हतं. बारीक झाली होती.

"बसा," ती म्हणाली. "पाणी द्या गं त्यांना."

मी बसले. चहा आला, बिस्किटं आली. खोकल्याचं विचारलं, कमी आहे म्हणाली. तिने घराची ओल विचारली, गेली म्हटलं. गेली नव्हती. मग दोघी टीव्हीकडे बघत बसलो, परक्या माणसांकडे बसतात तशा. दोन शब्द माझ्या घशापर्यंत आले, बिस्किटाबरोबर खाली गेले.

तेवढ्यात टीव्हीत झेल उडाला. लांब, उंच. खाली एक पोरगा धावत आला, बॉल हातात आला आणि सुटला. बॉलिंग करणाऱ्याने दोन्ही हात आपटले, त्या पोराकडे असं बघितलं की जाळून टाकेल. तोच झेल पुन्हा पुन्हा दाखवत होते, हळू करून. जावेचा मुलगा सोफ्यावरून उठलाच. "काढा रे ह्याला टीममधून! ह्याच्यामुळेच हरतो आपण!"

मी जावेकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"हात वर करत नाही आता कुणी," ती म्हणाली.

"कोण हात वर करत नाही, आई?" सुनेने विचारलं.

"काही नाही गं. जुनं आहे."

तेवढंच. पण तिने पिशवी ओढून घेतली, एक फणी बाहेर काढली आणि अंगठा लावला. आज की उद्या, ते सांगितलं नाही. फणी परत ठेवली. निघताना दारापर्यंत आली, लिफ्ट येईस्तो उभी राहिली. "सांभाळून जा हं तुम्ही," म्हणाली. लिफ्टचं दार मधे आलं.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. मी म्हटलं, संपलं. मुलाला फोन करून सांगावं असं वाटलं, पण तो विचारणार, मग त्यांनी कबूल केलं का? फोन केला नाही. भात टाकला, एकटीचा.

पुढच्या दिवसांत मी माझी केळी सोलून मांडवावर टाकली. ऊन छान होतं. संध्याकाळी गोळा करायची, सकाळी परत पसरायची, पाखरं हाकायची. असंच एकदा दुपारी मांडवाशी उभी असताना मोबाईल वाजला. सुनेचा नंबर. उचलला तर आवाज जावेचा, आणि हॅलोसुद्धा नाही.

"वहिनी, कसली केळी दिलीस गं तू? सगळी काळी पडली! गॅलरीत दोरीवर जाळी बांधून टाकली होती मी. एक धड नाही. कच्ची उतरवलीस ना? मी नाही तर तुला मेलं कळतच नाही!"

केळी कच्ची नव्हती. त्याच लोंगराची माझ्यासमोर मांडवावर होती, मधासारखी. तिच्या गॅलरीत ऊन येतं दहा वाजेपर्यंत, मग समोरची बिल्डिंग. त्यात कुठली सुकेळी होणार? हे तिलाही ठाऊक. सातवी पास आहे ती.

"हो गं," मी म्हटलं. "माझंच चुकलं. घाईत उतरवली."

"तरी मी त्या दिवशीच दाबून बघितली होती. म्हटलं, बोलावं तर पाहुणीला कसं बोलायचं."

"बोलायचं होतंस."

"आता बोलतेय ना!" मग जरा थांबून, "इथं ऊनच नाही गं वहिनी. सगळीकडे भिंतीच."

"इथं आहे," मी म्हटलं. "मांडव घातलाय."

"बघते. ह्याला सुट्टी असेल तेव्हा. ह्या रविवारी नाही जमायचं बहुतेक." मागे सून काहीतरी म्हणाली, मिक्सर लागला, आणि फोन बंद झाला.

फोन बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा दुसरा हात वर होता. बोलताबोलता कधी गेला कळलं नाही. पलीकडे तिच्या घराला कुलूप, जास्वंद वाढून पार पायरीवर आलेली. हात तसाच ठेवला थोडा वेळ. मग एक साळुंकी मांडवावर उतरली, तिला हाकलायला तो खाली घेतला.

आजची केळी मी उलटीपालटी केली. अर्ध्याहून अधिक झालीत. बाकीच्यांना अजून दोन-तीन उन्हं हवीत. पण बांधायची घाई करणार नाही. ती आली आणि म्हणाली, कच्ची आहेत, तर तिला दाबून बघायला चार मोकळी हवीत.